भाऊ म्हणतो, तुमचा धर्मही असाच सुरू झाला होता

वाचकाचं पत्र

माझा धाकटा भाऊ 31 वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी तो एका साधना-गटात जायला लागला. गटाच्या प्रमुखांना सगळे 'मार्गदर्शक' म्हणतात. सुरुवातीला आम्हाला बरंच वाटलं, कारण त्याची दारू सुटली. मग हळूहळू तो मित्रांपासून तुटला. निम्मा पगार तिथे देतो. दिवसभरातल्या चुका आणि मनात आलेले वाईट विचार रोज रात्री एका वहीत लिहितो आणि दर आठवड्याला ती वही तिथे जमा करतो. वडिलांच्या ऑपरेशनच्या दिवशी तो शिबिरात होता. ठरलेलं लग्न त्याने मोडलं, कारण मार्गदर्शकांच्या मते ती मुलगी त्याच्या प्रगतीच्या आड येत होती. घरच्या प्रार्थनेलाही आता बसत नाही. मी चिडून 'हा कल्ट आहे' म्हणाले, तर तो शांतपणे म्हणाला, 'ताई, तुमचा धर्मही असाच सुरू झाला होता. गुरू तुमच्याकडे आहेत, दान आहे, उपास आहेत. तुम्ही जुने आणि पुष्कळ, म्हणून तो धर्म. आम्ही नवे आणि थोडे, म्हणून कल्ट.' मला उत्तर सुचलं नाही. वडील म्हणतात, चार माणसं घेऊन जाऊ आणि उचलून आणू. आई म्हणते, दारू सुटलीय ना, मग राहू द्या. खरंच फरक काय असतो? आणि आम्ही काय करावं?

— एक मोठी बहीण

उत्तर

तुमच्या भावाचं बोलणं निम्मं बरोबर आहे. ते निम्मं आधी मोकळेपणाने मान्य करा, नाहीतर उरलेल्या निम्म्याबद्दल तो तुमचं ऐकून घेणार नाही.

जगातले बहुतेक धर्म सुरुवातीला मूठभर लोकांचे होते आणि आजूबाजूच्यांना ते विचित्रच वाटत होते. रोमन इतिहासकार टॅसिटसने ख्रिस्ती मंडळींची संभावना 'घातक अंधश्रद्धा' अशी केली होती. त्याच साम्राज्याने 380 मध्ये तोच धर्म राजधर्म केला. अलीकडचं उदाहरण मॉर्मन चर्चचं. 1830 मध्ये अमेरिकेत ते सुरू झालं. संस्थापक जोसेफ स्मिथला 1844 मध्ये जमावाने तुरुंगात घुसून मारलं. अनेक बायका करण्याची प्रथा हा चर्च आणि सरकार यांच्यातला मोठा झगडा होता, आणि 1890 मध्ये चर्चने ती सोडत असल्याचं जाहीर केलं. आज त्या चर्चचे एक कोटीहून जास्त सभासद आहेत आणि 2012 मध्ये त्यांच्यातलाच एक जण अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार होता.

तेव्हा 'नवं', 'लहान' आणि 'चमत्कारिक समजुतींचं' ही तिन्ही मापं बाजूला ठेवा. समजुतींवरून तर निवाडा होतच नाही. तुम्ही लहानपणापासून ज्या गोष्टी ऐकत आलात त्या तुम्हाला स्वाभाविक वाटतात. त्याच गोष्टी भावाच्या मार्गदर्शकांनी काल पहिल्यांदा सांगितल्या असत्या, तर तुम्ही त्याही या पत्रात पुरावा म्हणून लिहिल्या असत्या.

सरकारी नोंदणीचा दाखलाही उपयोगाचा नाही. भाऊ कधीतरी तो दाखवेल, म्हणून सांगते. जपानमधल्या ओम शिनरिक्योला 1989 मध्ये धार्मिक संस्था म्हणून रीतसर मान्यता मिळाली होती. त्याच वर्षी या गटाच्या लोकांनी, सभासदांच्या कुटुंबीयांची बाजू लढवणारा एक वकील, त्याची बायको आणि त्यांचं तान्हं मूल यांचा खून केला. 20 मार्च 1995 ला त्यांनीच टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हा विषारी वायू सोडला. डझनाहून जास्त माणसं गेली आणि हजारो लोकांना त्रास झाला. वायू सोडणाऱ्यांत एक हृदयशल्यविशारद होता, बाकीचेही विज्ञान शिकलेले होते. हे मुद्दाम लिहितेय, कारण 'आमचा मुलगा एवढा शिकलेला, तो कसा फसेल' असं आईवडील हमखास म्हणतात. शिक्षणाचा यात फारसा संबंध नसतो. बहुतेक जण अशा गटात येतात ते आयुष्यातल्या एखाद्या पडझडीच्या काळात, आणि तुमच्या भावाच्या आयुष्यात तो काळ दारूचा होता.

आता भावाचं चुकतं ते निम्मं. धर्म जुना झाला म्हणून खरा ठरत नाही, पण जुना होताना त्याच्यात काही बदल घडतात. समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने ही प्रक्रिया मांडली आहे: सुरुवातीला सगळी सत्ता एका विलक्षण माणसाच्या शब्दात असते, तो माणूस गेला की अनुयायांना ठरवावं लागतं की यापुढे निर्णय कोणी घ्यायचा, पैसे कोणाच्या हातात ठेवायचे आणि भांडण झालं तर कोणाकडे जायचं. त्यातून पदं येतात, नियम येतात, ग्रंथाचा अर्थ लावणारे एकाला दोन पंडित येतात आणि ते एकमेकांशी कडाकडा भांडतात. हे सगळं कंटाळवाणं असतं. पण याच कंटाळवाण्या यंत्रणेमुळे कुणा एकाला सकाळी उठून 'तुझं लग्न मोड' म्हणणं अवघड होतं. भावाच्या गटात अजून मार्गदर्शकांना 'थांबा' म्हणू शकणारं कोणी आहे का? हा प्रश्न वयाचा नाही. शंभर वर्षं जुन्या गटातही असं कोणी नसू शकतं, आणि दहा वर्षांच्या गटातही असू शकतं.

मी स्वतः एकच गोष्ट तपासते: तिथे माणूस 'नाही' म्हणाला की पुढे काय होतं. बाकी सगळं त्याच्या आजूबाजूने कळत जातं.

मुख्य प्रवाहातले धर्म चालतात ते अर्धवट श्रद्धाळूंच्या जिवावर. तुमच्या ओळखीतली माणसं डोळ्यासमोर आणा. कोणी फक्त सणावारापुरतं देवाचं नाव घेतं, कोणी प्रार्थना करतं पण पुजाऱ्याला नावं ठेवतं, कोणी एक नियम पाळतं आणि तीन गुंडाळून ठेवतं, कोणी वर्षानुवर्षं फिरकत नाही आणि म्हातारपणी परत येतं. या सगळ्यांना धर्म आपलेच मानतो. कीर्तनकार, धर्मगुरू, पंडित त्यांच्यावर चिडतात, उपदेश करतात, आणि पुढच्या वेळी पुन्हा बसायला जागा देतात. ज्या गटाला मी घातक म्हणेन तिथे अर्धवट सभासद ही जातच नसते. चाळीस टक्के मानतो आणि साठ टक्के मानत नाही, असं म्हणून तिथे कोणी टिकत नाही. शंका आली तर दोष शंकेखोराचा, त्याची साधना कमी पडली. साधना करूनही फळ मिळालं नाही, तरी तोच दोषी. अशा हिशेबात मार्गदर्शक कधीच चुकू शकत नाहीत.

भाऊ म्हणेल, मग मठांचं काय? संन्यासी घर सोडतात, पैसे सोडतात, वरिष्ठांची आज्ञा पाळायची शपथ घेतात. त्यांना कोणी कल्ट म्हणत नाही. हा प्रश्न तुमच्या पत्रातल्या प्रश्नापेक्षाही चांगला आहे, आणि फरक इथेच सगळ्यात स्पष्ट दिसतो. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने ख्रिस्ती मठांसाठी नियम घालून दिले. त्यात नव्याने येणाऱ्याला सहजी आत घेऊ नये असं बजावलं आहे. त्याला आधी काही दिवस दाराबाहेर ताटकळत ठेवायचं. मग वर्षभरात तीन वेळा सगळे नियम पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवायचे आणि विचारायचं, हे पाळता येणार असेल तर ये, नसेल तर मोकळ्या मनाने जा. आजही कॅथलिक संन्यासाआधी किमान वर्षभराची उमेदवारी असते, त्यानंतर काही वर्षांची तात्पुरती व्रतं, आणि कायमची शपथ त्याच्याही नंतर. बौद्ध संघात प्रव्रज्येसाठी, म्हणजे घर सोडून संघात येण्यासाठी, आईवडिलांची परवानगी लागते, आणि भिक्खूला चीवर उतरवून घरी परत जाता येतं. थायलंडमध्ये कित्येक तरुण थोड्या काळासाठीच भिक्खू होतात.

थोडक्यात, आत येणं अवघड, बाहेर जाणं सोपं, आणि आत काय आहे ते आधी सांगितलेलं. घातक गटात याचं नेमकं उलटं असतं. पहिल्या शिबिरात सगळे गळ्यात पडतात, तुझ्यासारखा माणूस आम्ही शोधतच होतो म्हणतात. निम्म्या पगाराची, वहीची, लग्नाची गोष्ट पहिल्या दिवशी कोणी काढत नाही. भावाला सहज विचारा: हे सगळं करावं लागेल असं तुला पहिल्याच आठवड्यात सांगितलं असतं, तर तू गेला असतास का? उत्तराची घाई करू नका. त्याने उत्तर नाही दिलं तरी प्रश्न त्याच्याजवळ राहील.

बाहेर जाण्याच्या किमतीबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं. अशा गटांचं नाव निघालं की बहुतेकांना जोन्सटाउन आठवतं. 18 नोव्हेंबर 1978 ला गयानाच्या जंगलातल्या त्या वसाहतीत नऊशेहून जास्त लोक विषाने मेले, त्यात तीनशेच्या वर मुलं होती. लोक म्हणतात, वेडे लोक, वेडा गुरू. पण जिम जोन्सचं पीपल्स टेंपल 1960 पासून अमेरिकेतल्या एका प्रतिष्ठित, मुख्य प्रवाहातल्या ख्रिस्ती संप्रदायाशी संलग्न होतं. गोरे-काळे एकत्र प्रार्थना करत, आणि त्या काळात ही धाडसाची गोष्ट होती. वृद्धांसाठी निवास होते, गरिबांना जेवण मिळे. 1976 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या महापौरांनी जोन्सला शहराच्या गृहनिर्माण मंडळावर नेमलं. बाहेरून पाहणाऱ्याने कुठल्या शिक्क्याच्या आधारे त्याला ओळखायचं? शिक्का तर चांगलाच होता.

आतलं चित्र वेगळं होतं. वसाहतीत गेलेल्यांचे पासपोर्ट काढून घेतलेले होते. लिओ रायन हे अमेरिकन संसदेचे सदस्य चौकशीला आले तेव्हा काहींनी गुपचूप विनवणी केली: आम्हाला इथून न्या. पंधराएक जण त्यांच्याबरोबर निघालेही. धावपट्टीवर त्यांच्यावर गोळीबार झाला, रायन आणि आणखी चार जण मारले गेले, आणि काही तासांत विषाची पिंपं भरली गेली. हजाराच्या आसपास माणसांच्या वस्तीतून फक्त पंधरा जण घरी जायला निघाले होते. तेवढंही त्या माणसाला सोसलं नाही.

तुमच्या भावाच्या गटात असं काही होईल असं मी अजिबात म्हणत नाही. बहुसंख्य गट या टोकाला कधीच जात नाहीत, आणि भावासमोर जोन्सटाउनचं नाव काढलंत तर तो हसून उठून जाईल. मी हे लिहिलं ते शिक्का आणि वागणूक यांतलं अंतर दाखवायला.

'बाहेर जाऊ देतात, म्हणजे सगळं ठीक' असंही मात्र समजू नका. कॅलिफोर्नियातल्या हेवन्स गेट या गटात जायचं त्याला जाऊ देत, आणि कित्येक जण गेलेही. तरी मार्च 1997 मध्ये 39 जणांनी एकत्र जीव दिला. अंतराळयान येऊन आपल्याला सदेह घेऊन जाईल असं ते सुरुवातीला मानत. मग दोन प्रमुखांपैकी बॉनी नेटल्स 1985 मध्ये कॅन्सरने गेली. भाकीत उघडउघड खोटं ठरलं होतं, तर त्यांनी अर्थ बदलला: देह इथेच टाकून जायचं असतं. त्या दुरुस्तीचा शेवट काय झाला ते आपण पाहिलं. तिथे कोणी अडवत नव्हतं, पण वीस वर्षं घर, नाव, नातीगोती सोडलेल्या माणसाने बाहेर पडून जायचं कुठे? म्हणून भावाचे मित्र तुटले, ही तुमच्या पत्रातली ओळ मला पगाराच्या ओळीपेक्षा जास्त काळजीची वाटते. उद्या बाहेर पडावंसं वाटलं, तर त्याच्याकडे जायला जागा किती उरल्यात?

आता ती वही. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच. रॉबर्ट लिफ्टन या मानसोपचारतज्ज्ञाने 1950 च्या दशकात, चीनमधल्या 'विचारपरिवर्तना'तून (माणसाचे विचार सक्तीने बदलण्याच्या मोहिमेतून) बाहेर आलेल्या लोकांच्या हाँगकाँगमध्ये दीर्घ मुलाखती घेतल्या. तिथल्या पद्धतीची जी आठ वैशिष्ट्यं त्याने मांडली, त्यात सतत कबुली द्यायला लावणं हे एक आहे. भाऊ म्हणेल, कबुली धर्मातही असते. असते. पण कॅथलिक धर्मगुरूला कबुलीत ऐकलेलं कुणालाही सांगायची सक्त मनाई आहे, सांगितलं तर त्याला धर्मातून बहिष्कृत केलं जातं. तिथे काही लिहून ठेवलं जात नाही. तुमच्या भावाच्या मनातला प्रत्येक वाईट विचार मात्र त्याच्याच अक्षरात, तारीखवार, दुसऱ्याच्या कपाटात जमा होतोय. नेक्झियम नावाचा एक अमेरिकन गट होता. तो स्वतःला धर्म म्हणवतही नव्हता, व्यक्तिमत्त्व विकासाचे महागडे वर्ग घेत असे. त्यातल्या एका गुप्त वर्तुळात स्त्रियांकडून नग्न छायाचित्रं आणि बदनामी होईल अशी माहिती 'तारण' म्हणून घेतली जायची. प्रमुख किथ रॅनियरला 2020 मध्ये 120 वर्षांची शिक्षा झाली. वहीचा असा उपयोग होईलच असं नाही. पण ज्याच्याकडे ती आहे, त्याला 'नाही' म्हणणं दर आठवड्याला थोडं जड होत जातं.

आईंचं म्हणणं मोडीत काढू नका. दारू खरंच सुटली आहे आणि ती गटामुळे सुटली आहे. हे भावासमोर स्पष्ट बोला, नाहीतर तुम्ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कमाई नाकारताय असं त्याला वाटेल. पण आईंना सिनॅनॉनची गोष्ट सांगा. 1958 मध्ये चार्ल्स डेडरिच या माणसाने, जो स्वतः दारूतून बाहेर आला होता, कॅलिफोर्नियात व्यसनमुक्तीसाठी हा गट काढला. लोकांची व्यसनं सुटली, वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. मग नियम वाढत गेले. व्यसन सुटलं तरी इथून जायचं नाही, असं ठरलं. सत्तरच्या दशकात गटाने स्वतःला धर्म म्हणून जाहीर केलं. पुरुषांवर नसबंदीसाठी दबाव आला, नवरा-बायकोंना वेगळं होऊन दुसरे जोडीदार घ्यायला सांगितलं गेलं. 1978 मध्ये त्यांच्याविरुद्ध खटला लढवणाऱ्या वकिलाच्या टपालपेटीत रॅटलस्नेक हा शेपटी खुळखुळवून इशारा देणारा विषारी साप निघाला. सापाच्या शेपटीची खुळखुळ आधीच काढून टाकलेली होती. वकील वाचला. डेडरिच ज्या संस्थेत दारूतून सावरला होता, ती अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस 1935 पासून तेच काम करते आहे, आणि तिथे कोणालाही कोणत्याही दिवशी उठून जाता येतं. म्हणजे दारू सोडायला आयुष्य दुसऱ्याच्या हाती द्यावं लागत नाही. भावाला हे आत्ताच सांगायची गरज नाही, पण तो बाहेर आला तर दारू परत सुरू होईल ही आईंची धास्ती खरी आहे. ती वेळ आलीच तर कुठला डॉक्टर, कुठला गट, याची माहिती तुम्ही आत्ताच काढून ठेवा.

लग्नाबद्दल एवढंच: सल्ला देणं आणि निर्णय घेणं यांत फरक असतो. भावाने स्वतः विचार करून लग्न मोडलं असतं तर तो त्याचा हक्क होता. तुमच्या पत्रावरून तसं दिसत नाही.

आता तुमच्या यादीतली एक ओळ मी खोडणार आहे: 'घरच्या प्रार्थनेलाही आता बसत नाही.' ही तक्रार बाकीच्यांच्या रांगेत बसत नाही. त्याने घरचा धर्म सोडून दुसरा धरला, किंवा कुठलाच धरला नाही, तर तो त्याचा प्रश्न आहे. तुम्ही या दोन गोष्टी एकत्र केल्यात, तर भाऊ बरोबर तिथेच बोट ठेवेल: तुमचा राग माझ्या पैशांवर नाही, मी तुमच्यातून गेलो यावर आहे. थोडा वेळ स्वतःला विचारून बघा, त्यात तथ्य किती आहे. जगात काही देशांत धर्म सोडणं हा आजही गुन्हा आहे. काही घरांत गुन्हा नसला तरी बोलणं बंद होतं, वारसा तुटतो. तिथे ते माप मुख्य धर्मालाच लागू पडतं, आणि ते नीट लागू करावं. तसंच अत्याचार दडपण्याचं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात ग्रँड ज्युरीने, म्हणजे गुन्ह्यांची चौकशी करणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, 2018 मध्ये कॅथलिक चर्चबद्दलचा अहवाल दिला, त्यात तीनशेहून जास्त धर्मगुरूंची नावं होती, हजाराहून जास्त मुलं बळी पडली होती आणि वरिष्ठांनी वर्षानुवर्षं झाकपाक केली होती. मोठा, जुना, सन्माननीय धर्म होता तो. तेव्हा भावाशी बोलताना 'आपला धर्म चांगला, तुझा गट वाईट' ही मांडणी करूच नका. ती खरीही नाही आणि उपयोगाचीही नाही. फ्रान्सने 2001 मध्ये कायदा केला तेव्हा त्यांनीही कल्टची व्याख्या करायच्या भानगडीत न पडता, मानसिक ताब्यात ठेवलेल्या माणसाच्या दुबळेपणाचा गैरफायदा घेणं हा गुन्हा ठरवला. ते कृत्य मग कोणीही करो.

वडिलांच्या बेताला माझा साफ विरोध आहे. अमेरिकेत सत्तरच्या दशकात हे पुष्कळ झालं. मुलांना गाडीत कोंबून आणायचं, खोलीत बंद करायचं आणि दिवसरात्र वाद घालून त्यांची श्रद्धा उतरवायची. त्याचा धंदाच झाला होता. काही जण परतले, काही पळून पुन्हा गटात गेले आणि आधीपेक्षा घट्ट चिकटले, कारण बाहेरचं जग शत्रू आहे हे गुरूचं वाक्य घरच्यांनीच खरं करून दाखवलं होतं. अशाच एका तरुणाने पुढे खटला भरला. ज्युरीने लाखो डॉलरची भरपाई ठरवली, आणि त्या प्रकरणात गुंतलेली कल्ट अवेअरनेस नेटवर्क ही संस्था 1996 मध्ये दिवाळखोरीत गेली. एकतीस वर्षांच्या सज्ञान माणसाला उचलून आणणं हा सरळ अपहरणाचा गुन्हा आहे. आणि तत्त्वाचं बोलायचं तर, त्याचे निर्णय दुसरे घेतात ही आपली तक्रार असेल, तर आपणही तेच कसं करायचं?

वडिलांना एक दिलासा देता येईल. आयलीन बार्कर या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1979 च्या सुमारास लंडनमध्ये 'मूनी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या युनिफिकेशन चर्चच्या शिबिरांना आलेल्या सुमारे हजार लोकांचा माग ठेवला. त्या काळी सगळीकडे बोललं जायचं की हे लोक मेंदूच धुतात, एकदा गेलेला सुटत नाही. प्रत्यक्षात नव्वद टक्के लोक सामीलच झाले नाहीत, आणि जे झाले त्यांतले बरेचसे दोन वर्षांत आपणहून बाहेर पडले. तुमचा भाऊ दीड वर्षावर आहे. कोण कधी थकेल हे सांगता येत नाही, पण कायमचा गेला असं धरून वागू नका.

मग काय करायचं? त्याच्याशी गटाबद्दल वाद घालणं बंद करा. 'कल्ट' हा शब्द घरात वापरू नका, त्याच्या पाठीमागेही नको. आठवड्यातून एकदा त्याच्याशी बोला, आणि त्या बोलण्यात गटाचा विषय तुम्ही काढू नका. त्याला जुन्या मित्रांपैकी एखादा आवडायचा असेल, तर त्या मित्रालाही हेच सांगा. त्याला गटाबाहेरच्या माणसांत साधं, उपदेश नसलेलं बोलणं मिळालं पाहिजे. तिथे आधीच भरपूर उपदेश आहे.

विषय त्यानेच काढला, तर ऐका आणि विचारा. हिशेब कोण तपासतं? मागच्या वर्षात कोण सोडून गेलं, आणि त्यांच्याबद्दल तिथे आता कसं बोलतात? वही वाचून झाल्यावर कुठे ठेवतात, तुला परत मागता येते का? मार्गदर्शक चुकले असं कधी कोणी त्यांच्या तोंडावर म्हणालंय? एका वेळी एकच विचारा, उलटतपासणी वाटता कामा नये. यांतल्या काहींची उत्तरं चांगलीही निघू शकतील. तसं झालं तर तेवढी काळजी कमी करा; मला इथे बसून गटाचा निकाल द्यायचा नाही. पत्रावरून माझं मत एवढंच आहे की वही, मोडलेलं लग्न आणि तुटलेले मित्र ही तीन चिन्हं एकत्र आली की गट चुकीच्या दिशेने चाललाय असं समजावं. सोडून गेलेल्यांचं काय झालं हे कळलं, की चित्र पुरतं स्पष्ट होईल.

पैशाच्या बाबतीत मऊ राहू नका. त्याचा पगार त्याचा आहे, तो त्याने कुठेही द्यावा. पण तुम्ही उसने देऊ नका, कर्जाला जामीन राहू नका, सामायिक मालमत्तेच्या कुठल्याही कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. हे प्रेमाने आणि एकदाच सांगा. दर भेटीत नको.

त्याची औषधं बंद करायला लावली, त्याला कोंडून ठेवलं, धमकावलं, लैंगिक त्रास दिला, किंवा गटातल्या लहान मुलांना मारहाण होते असं कळलं, तर मात्र गप्पा आणि संयम बाजूला ठेवून थेट पोलिसांकडे आणि डॉक्टरांकडे जा. तेव्हा तो चिडेल याचा विचार करू नका.

तो परत आला, तर पहिले काही महिने 'आम्ही सांगत होतो' हे वाक्य घरात कोणाच्याही तोंडून निघू नये. वडिलांना हे जड जाईल, त्यांना आधीच सांगून ठेवा. बाहेर आलेल्या माणसाला लाज वाटत असते आणि तिथल्या मित्रांची आठवणही येत असते. तो ध्यान पुढे चालू ठेवेल, कदाचित त्यांची एखादी प्रार्थनाही म्हणेल. म्हणू द्या.

आणि ज्या मुलीशी लग्न ठरलं होतं, तिला तुमच्यापैकी कोणी भेटलं आहे का? पत्रात तिच्याबद्दल पुढे काहीच नाही. तिला परत जोडण्यासाठी नव्हे, पण तुमच्या घरातल्या माणसामुळे तिचं लग्न मोडलं, तर निदान एकदा जाऊन बोलायला हवं. तिने कदाचित गटाच्या एखाद्या शिबिराला हजेरीही लावली असेल, आणि तिथे काय चालतं हे तिला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असेल. पण ते तिने सांगितलं तर ऐका, विचारायला म्हणून जाऊ नका.